मागं जायची शर्यत

माणूस मोठा कधी होतो, या प्रश्नाचं उत्तर मी या वहीत तीनदा लिहून तीनदा खोडलं आहे. आधी लिहिलं, मिसरूड फुटलं तेव्हा. मग लिहिलं, वडील गेले तेव्हा. नंतर लिहिलं, ड्रायव्हरची खाकी अंगावर चढली तेव्हा. तिन्ही वेळा कमलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चष्मा लावून ते पान वाचलं आणि काही न बोलता वही मिटून ठेवली. आमच्या संसारात याहून कडक शेरा नाही. तेव्हा आता खरं ते लिहितो. मी मोठा झालो तो निवृत्तीनंतर, डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे झाल्यावर, एका रविवारी, रिसोडजवळच्या सोयाबीन निघालेल्या वावरात, पाच वर्षांच्या नातीच्या देखत. वाढत्या वयाच्या आठवणींत हे प्रकरण इतक्या उशिरा यावं याची लाज वाटते, पण त्याला इलाज नाही.

आमचं घर रिसोडात, धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत. पहाटेपासून सोयाबीनच्या गाड्या, हमालांच्या शिव्या आणि कमलच्या भाकरी थापण्याचा आवाज, हे तिन्ही एकदमच सुरू होतं. मुलगा पुण्याला कंपनीत, सून इथंच दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी कधी दिवसाची कधी रात्रीची. त्यामुळे नात सम्यका, म्हणजे आमची समू, आमच्याच ताब्यात. खरं म्हणजे आम्हीच तिच्या. सकाळी ठेच्याशी अर्धी भाकर खाताना तिला गोष्ट लागते, आणि मला राजाराणीच्या गोष्टी येत नाहीत. मला माझ्याच येतात. एकतीस वर्षं लाल गाडी चालवली, तिला साधा ओरखडा येऊ दिला नाही, पुराच्या पाण्यातून काढली, मोडक्या पुलावरून मागं घेतली. पुराचं पाणी दरवर्षी सांगताना थोडं चढत असे. आता ते गाडीच्या टपाला लागलं आहे.

या गोष्टींचा पुरावा म्हणून काचेच्या कपाटात एक बिल्ला होता, विनाअपघात सेवेचा. समूनं तो कधीच बाहेर काढला होता. फ्रॉकला लावून ती अंगणवाडीत जायची आणि तिथल्या पोरांना सांगायची, ‘‘माह्या आबासारखी गाडी जगात कोणालेच मागं घेता येत नाई.’’ पुढं नेता येत नाही असं ती म्हणत नसे. मागं घेण्याचंच तिला कौतुक. ते कुठून आलं हे मला माहीत होतं, कारण तेवढीच गोष्ट मी रोज सांगत असे. माणूस ज्या गोष्टीत कच्चा असतो तीच जास्त सांगतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

कारण खरं असं होतं. गाडी मागं घ्यायची म्हटलं की ड्रायव्हर आरशात पाहतो, पण मागचं सगळं आरशात दिसत नाही. ते पाहतो कंडक्टर. तो उतरून मागं उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. माझा कंडक्टर बाबाराव, एकोणीस वर्षं एकच. आखूड आखूड शिट्ट्या वाजल्या की येऊ द्या, एक लांब वाजली की थांबा, एवढं सगळ्याच गाड्यांवर होतं. आमचं त्याच्यावर आणखी होतं. लागोपाठ दोन म्हणजे माझ्या, उजव्या बाजूला घे, तीन म्हणजे दाराच्या, डाव्या बाजूला घे. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आमच्या आम्ही बसवलं होतं. एकोणीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. सुरुवातीला त्याच्या घरच्यांना आमच्या वस्तीतल्या माणसाच्या डब्यात त्यानं हात घालणं खपलं नव्हतं. बाबारावनं त्यांना काय सांगितलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी तेवढी जास्त आणली.

आणि एक सकाळ होती. एका गावच्या थांब्यावर मुक्कामाची गाडी उजाडताना मागं घेत होतो. घाईत होतो, आरसा धुक्यानं भरलेला, बाबाराव खाली थांब्यावर तिकिटाची पेटी लावत होता म्हणून मी त्याची वाट न बघता गिअर टाकला. लांब शिट्टी वाजली. अशी लांब की अजून कानात आहे. ब्रेक दाबून उतरलो तर मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर एक म्हातारी गोधडी पांघरून झोपलेली. पहिल्या गाडीनं लेकीकडे जायचं म्हणून रात्रीच येऊन पडली होती. ती जागीसुद्धा झाली नाही. बाबारावनं तिला हलवून उठवलं, गाडीत बसवलं, तिकीट फाडलं. मला एवढंच म्हणाला, ‘‘उत्तमराव, चहा घ्या.’’ ही गोष्ट त्यानं डेपोत सांगितली नाही, मी घरी सांगितली नाही. त्या दिवसानंतर मात्र शिट्टीशिवाय गाडी मागं घ्यायची माझी हिंमत गेली ती गेलीच. निवृत्तीनंतर माझी जुनी चारचाकीही मी गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली लावत असे, जिथून सरळ पुढं निघता येतं. शेजारी म्हणत, उत्तमराव सावली पाहून गाडी लावतात. म्हणू देत.

तर असा तो बिल्ला. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात तो साहेबांनी छातीला लावला आणि मी माईक धरला. अर्धा तास बोललो. मी, माझी गाडी, माझी नजर, माझा संयम. डेपोतल्या मांजरीचाही उल्लेख केला, असं सून परवा व्हिडिओ पाहून म्हणाली. बाबारावचं नाव घेतलं नाही. विसरलो असं मी पाच वर्षं स्वतःला सांगितलं. तो समोर पहिल्या रांगेत बसला होता, हातात अर्धा पेढा. उरलेला अर्धा त्यानं कागदात गुंडाळून खिशात ठेवला, उठून गेला, आणि समूच्या नामकरणालाही आला नाही. कमलनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्याच्या डोक्यात हवा गेली आहे.

आता त्या रविवाराकडे येतो. गल्लीतून भोंगा लावलेला ऑटो गेला, भाऊंच्या वाढदिवसानिमित्त भव्य ट्रॅक्टर रिव्हर्स स्पर्धा. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कुठल्या पक्षाचे ते लिहीत नाही, कारण हे छापून होईपर्यंत ते बदललेलं असेल. जगात मोटारींची शर्यत म्हणजे कोण पुढं जातो ते बघायचं. आमच्याकडे ट्रॅक्टरला दोन चाकांची ट्रॉली जोडायची, चुन्यानं आखलेल्या दोन रेघांच्या मधून ती मागं मागं न्यायची, आणि जो सर्वांत लवकर मागं जाईल त्याला हार घालायचा. रस्ता तसाच, पाणी तसंच, दवाखान्यात डॉक्टर नाही, अशा मुलखात मागं जाण्याचा खेळ निघावा आणि त्याला भाऊंचा आशीर्वाद असावा, यात गैर काही नाही. उलट इतका प्रामाणिक खेळ मी दुसरा पाहिला नाही.

समूनं भोंगा ऐकला आणि विषय संपला. ‘‘आबा, तिथी मागं नेऊन राह्यले. आपल्याले जा लागते.’’

कमल म्हणाली, ‘‘पोरीचे कान फुटतीन. त्या ट्रॅक्टराईले पोंगे लावते आजकालचे पोट्टे.’’

‘‘मी हाओ ना संग.’’

‘‘तुमी हाय म्हणूनच म्हणून राह्यली.’’

शेवटी तिनं घरच्या कापसातलं बोंड फोडलं, सरकी काढून दोन बोळे केले आणि समूच्या कानांत घट्ट बसवले. या कापसानं माझी जी वाट लावली ती सांगायची आहे म्हणून हे नीट सांगतो. कानात बोळे असलेलं पोर ओरडून बोलतं. त्याला वाटतं आपण हळूच बोलतो आहोत. समू घरातून निघाल्यापासून जे ओरडून बोलायला लागली ते दिवसभर.

वावर माणसांनी भरलं होतं. मांडवात भाऊंसाठी गादीची खुर्ची, त्यांच्या माणसांसाठी प्लास्टिकच्या, आणि बाकीच्यांसाठी धुरा, म्हणजे शेताचा बांध. फलकावर भाऊ हात जोडून उभे आणि त्यांच्याभोवती शुभेच्छुकांची इतकी तोंडं की स्पर्धेचं नाव लिहायला कोपराच उरला नव्हता. भाऊ दहाला येणार होते. साडेबाराला निवेदक सांगत होता, निघाले आहेत. शेवटी पोरांनी धीर सोडला आणि उद्घाटनाविनाच पहिला ट्रॅक्टर सुटला. त्याचा पोंगा, म्हणजे कर्कश हॉर्न, वाजला तशी समू माझ्या शर्टात शिरली. चूक झाली, असं मला वाटलं, उचलून निघणारच होतो. एवढ्यात तिनं एक डोळा बाहेर काढला. धुराचा लोट, ट्रॉलीचा खडखडाट, मान मागं वळवून एका हातानं स्टिअरिंग फिरवणारा पोरगा, दोन्ही बाजूंनी ‘ये, ये, ये’ करून धावणारी माणसं. दुसरा डोळा बाहेर आला. तिसऱ्या ट्रॅक्टरला ती माझ्या खांद्यावर उभी होती आणि माझे उरलेले केस लगामासारखे धरून ओरडत होती. एका हातात आलूबोंडा होता, त्याचं तेल माझ्या कानामागून उतरत होतं. पोरीची पहिली शर्यत. तिच्या आईनं मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सुखरूप आहे.

ट्रॉलीचं चाक रेघेला लागलं की अंपायर लांब शिट्टी वाजवायचा आणि गडी बाद. त्या शिट्टीनं माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात होता. बघतो तर अंपायर बाबाराव. डोक्यावर तीच पांढरी टोपी, गळ्यात तीच पितळी शिट्टी, काळ्या दोरीची. शिट्टी वाजवायला अख्ख्या तालुक्यात याच्याहून अनुभवी माणूस मिळणार नाही, हे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांना कळलं होतं. मला निरोपाच्या दिवशी कळलं नव्हतं. मी समूला घेऊन गर्दीच्या दुसऱ्या बाजूला सरकलो.

सरकलो तो नेमका निवेदकाच्या टेबलाजवळ. भाऊ येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून तो लहान पोरांपुढं माईक धरत होता. त्यानं समूच्या फ्रॉकवरचा बिल्ला पाहिला आणि विचारलं, हे काय गं बाळ? समू कापसातून जे ओरडली ते माईक नसता तरी वाशिमपर्यंत गेलं असतं. ‘‘हा माह्या आबाचा हाये! माह्या आबासारखं मागं कोणालेच घेता येत नाई! हे पोट्टे तं काईच नाई!’’

त्यानंतर काय होणार हे सांगायची गरज नाही. शिट्ट्या, टाळ्या, ‘आबा, आबा’ असा गजर. मी म्हटलं गुडघा दुखतो. कुणीतरी मला उचललं. मी म्हटलं चष्मा घरी आहे. तो माझ्या नाकावर आहे हे निवेदकानं माईकवरून सांगितलं. समू खाली उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात एवढीसुद्धा शंका नव्हती. ती शंका असती तर मी गुडघ्यावर अडून राहिलो असतो. चढलो.

इथं एक गोष्ट ड्रायव्हर नसलेल्यांसाठी सांगतो. बस मागं घेताना जिकडे स्टिअरिंग तिकडे बूड. ट्रॉलीचं उलटं असतं, मागचं बूड डावीकडं पाहिजे तर ट्रॅक्टर आधी उजवीकडं वळवावा लागतो. शेतकऱ्याच्या बारा वर्षांच्या पोराला हे कळतं. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या हातांना ते कळत नाही. पहिली वीस-पंचवीस पावलं गाडी सरळ गेली कारण मी काहीच केलं नाही. मग ट्रॉली जराशी उजवीकडं झुकली, मी बससारखं सावरलं आणि ती आणखी झुकली. चाक रेघेपासून चार बोटांवर आलं. बाबारावनं शिट्टी तोंडाला लावलेली दिसली. मी मनात म्हटलं, संपलं, वाजव बाबा, आणि मोकळं कर.

दोन वाजल्या. आखूड, लागोपाठ दोन.

माझ्या हातांनी मला विचारलं नाही. त्यांनी स्टिअरिंग माझ्या बाजूला घेतलं. मग तीन वाजल्या, मग आखूड आखूड, येऊ द्या, येऊ द्या. सकाळपासून इतक्या ट्रॉल्या पाहून तिचा उलटेपणा बाबारावला समजला होता, आणि माझे हात कसे चालतात ते तर त्याला आधीच ठाऊक. म्हणून तो मला उलट्या शिट्ट्या देत होता. ट्रॉलीमागं तो मागच्या पावलांनी चालत होता, एक हात हलवत, टोपी घामानं काळी झालेली. मी चाकाकडं, रेघेकडं बघितलंच नाही. ट्रॉली रेघांच्या मधोमध शेवटच्या झेंड्यापर्यंत गेली, आणि एक लांब वाजली. थांबा.

मग दंगा. स्पर्धेचा अंपायरच स्पर्धकाला हाकारत मागं नेतो, असं या तालुक्यात तरी पहिल्यांदाच घडत होतं. ‘‘अंपायर फितूर हाये!’’ ‘‘नातेवाईक हाये का बे तुमचा?’’ मंडळाचा अध्यक्ष, विशीतला पोरगा, बाबारावसमोर हात नाचवू लागला. ‘‘काका, तुमाले कायले ठेवलं आमी? काहून वाजवली?’’

बाबाराव गोंधळून शिट्टीकडं बघत होता. म्हणाला, ‘‘समजलं नाई बापा. त्याईले मागं येतानी पायलं, वाजली.’’ आणि त्यानं गळ्यातली दोरी काढायला सुरुवात केली.

आता माझं वागणं लिहितो. पोरं माझ्याकडं वळली तसा मी ट्रॅक्टरवरून, छाती काढून म्हणालो, ‘‘मी काय सांगतलं होतं का त्याले वाजवायले? माह्या मी आणतच होतो.’’ म्हणजे निरोपाचं भाषण पुन्हा, फक्त आखूड. बाबारावनं मान वर करून बघितलं नाही. त्याला याची सवय होती.

समू ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापाशी उभी होती. तिनं बाबारावकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिला वाटलं की ती आपल्या आबाला हळूच विचारते आहे. सगळ्या वावराला ऐकू गेलं.

‘‘आबा, मंग तू त्याईचं ऐकलं काहून?’’

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मला हसू आलं नाही. मला एवढंच वाटलं की आता खोटं बोललो तर ही पोर ते खरं मानेल, आणि जन्मभर मानेल. मी उतरलो. निवेदकाच्या हातातून माईक घेतला आणि म्हटलं, ‘‘ऐका. एकतीस वर्षांत माह्याकून माणूस मेलं नाई, ते या माणसानं शिट्टी वाजवली म्हणून. एक म्हातारी होती, चाकामागं झोपलेली...’’ म्हातारीचं सगळं सांगितलं. गोधडी, धुकं, वीतभर अंतर. बिल्ला त्याचा होता, हेही सांगितलं. अर्धा तास नाही, दोन मिनिटंही लागली नाहीत.

मान वर केली तर कुणाचंच लक्ष नव्हतं. धुऱ्यापलीकडं भाऊंच्या गाड्यांचा धुरळा दिसला होता, फटाक्यांची लड लागली होती, आणि माईक कधीचाच मांडवातल्या दुसऱ्या माईकसाठी बंद केलेला होता. माझ्या आयुष्यातलं एकमेव खरं भाषण भाऊंच्या वाढदिवसात गेलं. ऐकलं ते दोघांनी. एकाच्या हातात शिट्टी होती, दुसरीच्या कानात कापूस.

‘‘आयकू आलं मले,’’ बाबाराव म्हणाला. ‘‘बस करा आता. चहा घ्या.’’

समूनं फ्रॉकवरचा बिल्ला काढायला घेतला. पिन अडकली, ती तिनं दातांनी उघडली. बाबारावच्या शर्टाचा खिसा तिच्या हाताला पोचेना म्हणून तो वाकला. तो म्हणत होता, ‘‘नको वं माय, मले कायले?’’ पण ती ऐकेल तर ना. लावून झाल्यावर तिनं जरा विचार केला. पोर माझ्याच रक्ताची, एवढं दातृत्व तिला झेपलं नसावं. ओरडून म्हणाली, ‘‘आज तुमी ठेवा. रविवारी वापस आणून द्या. पुढच्या रविवारी तुमी घेऊन जाजा.’’

त्यानं खरंच आणून दिला. पुढच्या रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून, कागदात गुंडाळून. जेवला. त्याच्या पुढच्या रविवारी बिल्ला न्यायला आला, तेव्हाही जेवला. दोन वर्षं होत आली. बिल्ला एक आठवडा या घरी, एक आठवडा त्या घरी. निघताना मी त्याला गाडीनं सोडतो, आणि गाडी आता लिंबाखाली नाही, घरासमोर लावतो. मागं तो उभा राहतो.

कमलनं हे पान काल वाचलं. वही मिटली नाही, उघडीच ठेवून आत गेली. आज रविवार आहे आणि मी शेवटच्या ओळी लिहितो आहे, तर ती स्वयंपाकघरातून विचारते आहे, ‘‘अहो, या आठवड्यात बिल्ला घ्यायले येणार हाये का द्यायले?’’ मी म्हटलं, तुला काय करायचं आहे, दोन्हीकडून जेवायलाच येतो. ती म्हणाली, ‘‘घ्यायले येते तवा दोन भाकरी जास्त खाते, म्हणून इचारलं.’’